कोरड्या साडीची अट

निवृत्त झालेला माणूस आमच्याकडे एकतर घरावर मजला चढवतो, नाहीतर देवळाच्या कमिटीत शिरून सगळ्यांना वैताग आणतो. माझ्या भाऊजींनी बोट घेतली.

रोह्याच्या खाली, जिथे कुंडलिका हळूहळू नदीची खाडी व्हायला लागते, तिथे काठावर माझ्या थोरल्या बहिणीचं घर आहे. भाऊजी जवळच्या केमिकल कारखान्यात फिटर होते. पाळ्या करून करून माणूस असा झाला होता की भरती-ओहोटीलासुद्धा ते पाण्याची फर्स्ट शिफ्ट आणि सेकंड शिफ्ट म्हणायचे. अलिबागकडच्या एका हॉटेलवाल्याने पर्यटकांना फिरवायची जुनी फायबरची बोट विकायला काढली होती. ती यांनी घेतली, पिवळीधमक रंगवली, वर ताडपत्रीचं छप्पर शिवून घेतलं आणि घराखालच्या घाटाला आणून बांधली. मग वर येऊन ताईला म्हणाले, "खाली चल, एक गंमत हाय."

ताई खाली गेली नाही. तिने ओसरीवरून खाली बघितलं, आत गेली आणि मला फोन लावला.

मी पनवेलला शाळेत शिकवते. दिवसभर मुलांवर ओरडून माझा घसा बसलेला असतो, पण ताईशी बोलायला घसा लागत नाही, नुसता कान लागतो. "तुझ्या भाऊजींनी होडका आनलाय," ती म्हणाली. चांगली इंजिनाची, छपराची बोट, पण ताईने तिला शेवटपर्यंत होडकाच म्हटलं. तो होडका विकून टाकायचा, एवढाच तिचा विषय. का, ते सांगेना. मी विचारलं, "पाण्याची भीती वाटते का तुला?"

"मला? पान्याची?" ताई इतकी हसली की मी फोन कानापासून लांब धरला.

हसणं बरोबरच होतं. आमच्या वडिलांची भातशेती खारेपाटात, म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून अडवलेल्या जमिनीत. उधाणाच्या भरतीला बांध फुटून खारं पाणी आत शिरलं की "खांड गेली, खांड गेली" असा ओरडा व्हायचा आणि सगळा गाव पेंढा आणि चिखल घेऊन बांधाकडे पळायचा. मी तेव्हा बांधावर उभं राहून रडायचं काम बघायचे. ताई खांडीत उतरायची. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती पेंढ्याचे बोळे फटीत कोंबायची आणि मोठ्या माणसांना ओरडायची, "माती द्या, नुसता बघताव काय!" अशी बाई पाण्याला काय भिणार? मला वाटलं हा निव्वळ हट्ट आहे. आमच्या घरात तो मुबलक आहे.

शेवटी ताईने अट घातली. भाऊजींनी तिला एक दिवस बोटीतून रेवदंड्यापर्यंत न्यायचं, खाडी समुद्राला मिळते ते तोंड दाखवायचं आणि परत आणून याच घाटावर उतरवायचं. उतरताना तिची साडी कोरडी असली तर बोट राहील. साडी भिजलेली असली तर बोट विकायची, पुन्हा विषय नाही. साक्षीदार म्हणून मला बोलावलं. माझ्या नवऱ्यालाही बोलावलं होतं, पण त्यांची पाठ नेमकी अशा वेळी धरते.

मी आदल्या संध्याकाळीच पोचले. भाऊजी बोट पुसत होते. एरवी मेहुणीची थट्टा केल्याशिवाय त्यांना पाणीसुद्धा गोड लागत नाही, पण त्या दिवशी ते माझ्या साडीबद्दल, केसांबद्दल, पनवेलबद्दल काही म्हणजे काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "बाय, तुझ्या ताईला सांग ना जरा. सगळी नोकरी पाइपांच्या आत डोका घालून केली मी. आता जरा उघड्यावर बसीन म्हटला." मला त्यांची फार दया आली. तेव्हाच ठरवलं की साक्षीदार झाले तरी निःपक्षपाती राहायचं नाही.

सकाळी ताई घरातून बाहेर आली ती लेकीच्या लग्नातली जड रेशमी साडी नेसून. रंग मोतिया. त्या रंगावर कुणी शिंकलं तरी दिसलं असतं.

"ही चक्क लबाडी आहे," मी म्हटलं.

"पूजेला बरी साडी नेसू नये व्हय?" ताईने शांतपणे विचारलं.

कारण आधी पूजा होती. बोट चालू की बंद हा निकाल संध्याकाळी लागणार असला, तरी पूजेशिवाय नवं वाहन हलवणं ताईला मान्य नव्हतं. भाताच्या घरात वाहन म्हणजे ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरची पूजा तिने अनेकदा केलेली. तिने त्याच क्रमाने सगळं केलं. इंजिनाला हळदकुंकू, हार, उदबत्ती. मग चाकाखाली लिंबू ठेवायची वेळ आली आणि चाक सापडेना. बराच खल झाला. शेवटी बोटीचं टोक घाटाच्या चिखलात टेकलं होतं तिथे तिने ते लिंबू खुपसलं. उरला नारळ.

ट्रॅक्टरचा नारळ ती नेहमी पुढच्या लोखंडी वजनावर फोडते. त्या हिशेबाने ती बोटीच्या पुढ्यात उभी राहिली, पदर खोचला आणि बोटीच्या नाकावरच नारळ हाणला. इतके दिवस धरून ठेवलेला राग त्या हातात होता. नारळ एका फटक्यात दोन झाला. पण आवाज दोन आले. एक नारळाचा होता. दुसरा कशाचा, ते मला कळलं नाही, पण भाऊजींचा चेहरा पाहिल्यावर काहीतरी वाईट झालं एवढं कळलं.

"वा! एका घावात!" भाऊजींचे मित्र म्हणाले. हे मित्र आमचे चौथे प्रवासी. कारखान्यात बॉयलरवर होते म्हणून सगळा गाव त्यांना बॉयलरवाले म्हणतो, आणि देहानेही ते त्या खात्याला शोभतात. त्यांना बोटीत काही रस नव्हता, ताईच्या डब्यात होता.

ताई प्रसादाचं खोबरं करायला वळली तसे भाऊजी माझ्या कानाशी आले. "बाय, तू फुडं बस. तुझा काय वजन!"

मला कुणी असं म्हणायला किती तरी वर्षं लोटली होती. मी खुशीत पुढे जाऊन बसले. मग त्यांनी खाली बोट दाखवलं. बोटीच्या नाकात, आतल्या बाजूने, चांदणीसारखी चीर गेली होती आणि मधोमध अंगठा जाईल एवढं भोक. भोकातून पलीकडचा घाट दिसत होता.

"पान्याच्या वर हाय," भाऊजी कुजबुजले. "नाक वर ऱ्हायला तर थेंब येनार न्हाय. सगळी मागं बसली पायजेत. तू नुसता पाय लावून ठेव."

"अहो, ताईला सांगा की!"

"काय सांगू? तूच फोडलीस म्हनून? पूजेचा नारळ हाय तो, बाय." आणि त्यांनी माझ्या टाचेखाली आपला रुमाल कोंबला.

ओहोटी लागल्या लागल्या आम्ही निघालो. पाणी समुद्राकडे चाललं होतं आणि आम्ही त्याच्याबरोबर. ताईने मोतिया साडीवर केशरी लाइफजॅकेट चढवलं होतं आणि ती मधल्या बाकावर ताठ बसली होती. तिचं लिंबू चिखलातून सुटून आमच्या पुढे तरंगत निघालं. बॉयलरवाल्यांनी तेवढ्यात सांगून टाकलं की लिंबू बोटीपेक्षा जोरात चाललंय. भाऊजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढचं बोलायचं विसरले.

तशी सकाळ सुंदर होती, हे मला मान्य करावं लागेल. दोन्ही काठांना खारफुटी, मागे भाताची कापलेली शेतं, एखादा बगळा. घराच्या मागून नदी रोज जाते, पण नदीतून घराकडे बघितलं की आपलं गाव दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं. मी हे सगळं एक पाय चिरेवर दाबून बघितलं. पायाला मुंग्या आल्या, मग मुंग्यांनाही मुंग्या आल्या. ताईने दोनदा विचारलं, "अशी काय बसलीस गो, लंगडी खेळल्यासारखी?" मी सांगितलं, गुडघा दुखतो. लगेच तिने पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि चोळायला पुढे यायला उठली.

"बस!" भाऊजी आणि मी एकदम ओरडलो. ताई बसली, पण तिचे डोळे बारीक झाले.

खरा धोका बॉयलरवाल्यांचा होता. जेवणाची टोपली माझ्याशेजारी, पुढे ठेवलेली. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, कैरीचं लोणचं. वास मागे जाई आणि थोड्या वेळाने ते बाकावरून एकेक वीत पुढे सरकत. ते वीतभर सरकले की बोटीचं नाक वीतभर खाली जाई आणि माझी टाच ओली होई. शेवटी मी टोपलीला लाथ मारून ती मागे ढकलली. बॉयलरवाल्यांनी माझ्याकडे फार कृतज्ञतेने पाहिलं आणि ते टोपलीसकट मागे स्थिर झाले.

रुमाल चिंब झाला तेव्हा भाऊजींनी इंजिन बघायचं निमित्त काढून बोट काठाला लावली. खाली उतरले, बांधावरचा मूठभर पेंढा आणि चिखल घेऊन आले आणि बाहेरून भोकात ठासला. ताई मागून वाकून बघायला लागली की मी आडवी येत होते.

"इंजिन मागं हाय ना? मंग फुडं काय करतात?" ताईने विचारलं.

"हवा खातायत," मी म्हटलं. मुलांच्या इतक्या थापा रोज ऐकते, पण मला स्वतःला एक धड थाप येत नाही.

पुढे खाडी रुंद झाली. साळावचा पूल दिसायला लागला, पलीकडे कोर्लईचा डोंगर, आणि पुलाखालून एक पांढरी रेघ. भाऊजींचा आवाज चढला. "ती बघ, ती रेघ! तो समुद्र!" ताईने मान उंच केली. मी शपथेवर सांगते, ती हसायच्या बेतात होती. तेवढ्यात समोरून माल वाहणारी एक मोठी बार्ज आली.

बार्ज आमच्या बाजूने गेली, कुणी त्रास दिला असं नाही. पण तिच्या मागून लाटा आल्या. पहिल्या लाटेने बोटीचं नाक उचललं, दुसरीने आपटलं आणि पेंढा-चिखलाचं बूच सुटून थेट माझ्या मांडीवर आलं. मागोमाग अंगठ्याएवढी जाड पाण्याची धार.

मी किंचाळले. भाऊजी ओरडले, "कोनी फुडं येऊ नका!" आणि अर्थातच दोघंही पुढे आली. बॉयलरवाले आले तसं नाक खाली गेलं आणि धार दुप्पट झाली. ताई मला बाजूला सारून वाकली. तिने भोक पाहिलं. भोकाच्या कडेला, चिरेत अडकलेली, नारळाची शेंडी होती.

ताई त्या शेंडीकडे बघत राहिली. मग तिने वळून भाऊजींकडे पाहिलं. ते इंजिनाचा दांडा धरून खाली मान घालून उभे होते, जणू काही त्यांनीच नारळ फोडला होता.

"घाटावरच कळला होता तुमाला," ती म्हणाली.

भाऊजींनी मान डोलावली.

मग माझ्या ताईने लेकीच्या लग्नातल्या साडीचा पदर काढला, त्याचा बोळा केला आणि भोकात कोंबला. त्यावर गुडघा टेकून ती पाण्यात बसली. तोच आवाज, तोच ताल. "तुमी मागं व्हा, भाऊ! टोपली सोडा! बाय, पानी उपस! आनि तुमी, गाळावर घाला बोट, बघताव काय!"

भाऊजींनी बोट कडेच्या गाळावर घातली. ओहोटी चालूच होती. पाणी निघून गेलं आणि आम्ही पिवळ्या बोटीत, जरा तिरके, चिखलाच्या मैदानावर बसून राहिलो. आता भरती येईपर्यंत कुठे जाणं नव्हतं. ताई खाली उतरली तर घोट्यापर्यंत रुतली, मग पोटरीपर्यंत. साडी कमरेखाली मोतिया राहिली नव्हती.

"आता ह्याला लावायला काय हाय?" तिने विचारलं.

भाऊजींनी आपल्या अवजारांच्या पेटीतून फायबरला लावायची पुट्टी काढली. नवा डबा, सील न फोडलेला.

मी डब्याकडे बघितलं, मग माझ्या टाचेकडे. "ही सकाळपासून होती?"

"काढली असती तर हिनं इचारला असता कशाला म्हनून," भाऊजी म्हणाले. अर्धा दिवस माझा पाय भोकात घालून हा माणूस औषधावर बसला होता. मी त्यांच्याशी जेवण होईपर्यंत बोलले नाही.

पुट्टी वाळायला वेळ होता, म्हणून जेवलो. बोट तिरकी असल्यामुळे बिरडं ताटातून एकाच दिशेला पळायचं. बॉयलरवाले त्या बाजूला बसले होते. डब्याशिवाय रेवदंड्याला मासळीही खायची ठरली होती, त्याबद्दल त्यांनी एकदा उसासा टाकला आणि सहावी की सातवी भाकरी उचलली. ताई आणि भाऊजी शेजारी शेजारी बसून जेवत होते. ते दोघं असे दिवसाढवळ्या एका जागी बसलेले मी कधी पाहिले नव्हते. पूर्वी मी जाई तेव्हा भाऊजी एकतर झोपलेले असत, नाहीतर पाळीवर.

भरती लागली, बोट हलली, पुट्टी धरून राहिली. भाऊजींनी नाक घराकडे वळवलं. त्यांनी हार मानली होती.

"फुडं न्या," ताई म्हणाली.

"साडी भिजली तुझी. अट संपली."

"तोंड दाखवायचा होता ना? दाखवा मंग."

पुलाखालून आम्ही पुढे गेलो. एका हाताला रेवदंड्याचा कोट, दुसऱ्या हाताला कोर्लई, आणि मधे काहीच नाही, नुसतं पाणी. बोट हळूहळू वरखाली होऊ लागली. भाऊजींनी इंजिन मंद केलं. ताईने ओला पदर पिळला, डोळ्यांवर हात धरला आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरा हाय." एवढंच. पण भाऊजींनी ते ऐकून नाक पुसल्यासारखं केलं.

परतताना भरतीने आम्हाला घरी आणून सोडलं. घाटावर आधी ताई उतरली. चिखलाने कडक झालेल्या निऱ्या, पदराला पुट्टीचा डाग. भाऊजींनी बोटीची चावी काढली आणि तिच्यासमोर धरली.

"अट ती अट," ते म्हणाले. "गिऱ्हाईक मी बघतो."

"साडी बोटीनं न्हाय भिजवली," ताई म्हणाली. "मी भिजवली."

"मंग तुला नको काय हाय, ते तरी सांग एकदा!"

ताईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर घराच्या दाराकडे. "कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला की मी त्या दारात उभी ऱ्हायची. पोरं कडेवर घेऊन, पोरांची लग्ना झाल्यावर एकटी. कुना घरचा मानूस गेला ते कळंपर्यंत पाय हालायचं न्हायत माझं. तुमी सुटलात नोकरीतून तवा मीबी सुटली. आनि तुमी पानी घेऊन आलात."

भाऊजींच्या हातातली चावी तशीच धरलेली राहिली. बॉयलरवाल्यांनी टोपी काढली. त्यांच्याही घरी दार आहे.

"कधी बोलली न्हायस," भाऊजी म्हणाले.

"घरी होतात कधी?"

मग तिने चावी घेतली आणि त्या ओल्या, डागाळलेल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "होडका ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पन चावी हितं ऱ्हाईल. जाल तवा मी बोटीत बसनार. दारात उभी ऱ्हानार न्हाय."

ती घाट चढायला लागली. भाऊजी तिच्या मागोमाग, एक पायरी खाली, चालत होते. दारापाशी पोचल्यावर ताई थांबली, बाजूला झाली आणि तिने त्यांना आधी आत जाऊ दिलं.